रहीमसाहेब : मैदानावरचे मास्तर

आगमन शताब्दीच्या या स्मरणिकेत आम्हा शिक्षकांना एका शिक्षकाचेच चरित्र द्यावेसे वाटले. आमच्या मराठी वर्गातल्या मुलांना इथल्या क्लबांचे प्रशिक्षक तोंडपाठ आहेत. सय्यद अब्दुल रहीम हे नावही त्यांना माहीत असावे, एवढीच आमची इच्छा.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ साली हैदराबादला झाला. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून ते फुटबॉल खेळले आणि पुढे शाळेत शिक्षक झाले. १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाती आला. त्या वर्षापासून सलग पाच वेळा या संघाने मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. आपल्यातल्या जुन्या मुंबईकरांनी कूपरेजवरच्या त्या सामन्यांच्या गोष्टी घरी ऐकल्या असतील.

त्यांची शिकवण्याची रीत शिक्षकाचीच होती. ज्या पायाने चेंडू नीट मारता येत नाही, त्याच पायाने खेळायचे, असे सामने ते मुद्दाम भरवत. कच्चा विषय आधी पक्का करून घ्यायचा, हे आम्हीही वर्गात करतो.

१९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांत त्यांच्या संघाने सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. रहीमसाहेब खचले नाहीत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवून उपांत्य फेरी गाठली. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मूळचा गोव्याचा आणि मुंबईच्या टाटा संघाचा.

१९६२ मध्ये जकार्ताला जाताना फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने जिंकला. अंतिम सामन्यात पुन्हा तोच संघ समोर आला. प्रेक्षक विरोधात होते. बचाव फळीतला जर्नेल सिंग डोक्याला टाके पडलेले असल्याने रहीमसाहेबांनी त्याला आघाडीवर खेळवले. एक गोल पी. के. बॅनर्जींनी केला, दुसरा याच जर्नेलने. भारत २-१ ने जिंकला.

पुढच्या वर्षी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब गेले. आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळालेले नाही. पालकांनी हे चरित्र मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे, अशी आमची विनंती आहे.