यशवंतराव चव्हाण आणि अण्वस्त्रांचा प्रश्न

यशवंतराव बळवंतराव चव्हाण (जन्म : देवराष्ट्रे, १२ मार्च १९१३, मृत्यू : नवी दिल्ली, २५ नोव्हेंबर १९८४) हे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री होते. पुढे केंद्रात त्यांनी संरक्षण, गृह, अर्थ व परराष्ट्र ही खाती सांभाळली. चीनचा पहिला अणुस्फोट झाला तेव्हा ते संरक्षणमंत्री होते, पोखरणचा झाला तेव्हा अर्थमंत्री, आणि पोखरणचे परिणाम परदेशांत निस्तरण्याची वेळ आली तेव्हा परराष्ट्रमंत्री. संयुक्त महाराष्ट्र, सहकार व पंचायत राज या विषयांच्या तुलनेत त्यांच्या कारकिर्दीचा हा भाग मराठी वाचकाला कमी परिचित आहे. प्रस्तुत लेख मुख्यतः त्यापुरता मर्यादित आहे.

पार्श्वभूमी

देवराष्ट्रे हे यशवंतरावांचे आजोळ. आज ते सांगली जिल्ह्यात येते. त्यांच्या जन्माच्या वेळी तो भाग सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यावर आई विठाबाई यांनी मुलांना वाढवले. कराडचे टिळक हायस्कूल, कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय आणि पुण्यातील विधी महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. १९३२ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९४२ च्या आंदोलनात ते साताऱ्यात भूमिगत राहून काम करीत होते.

सातारा हा फौजेत जाणाऱ्यांचा जिल्हा. अपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्दच जोडला गेला आहे. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली, तेव्हा यशवंतराव मुख्यमंत्री होते. लष्कराकडे पाहण्याची त्यांची दृष्टी समजून घेताना ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही.

चीनचा अणुस्फोट

चीनकडून झालेल्या पराभवानंतर कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, हे वर्णन तेव्हापासून मराठीत रूढ झाले. त्यांच्यापुढचे पहिले काम खचलेल्या सेनेची उभारणी हे होते. १९६४ ते १९६९ या काळासाठी आखलेल्या पंचवार्षिक संरक्षण योजनेत ८,२५,००० सैनिकांचे भूदल, डोंगरी युद्धासाठी तयार केलेल्या तुकड्या आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल यांचा समावेश होता. शस्त्रसाहाय्यासाठी त्यांनी १९६४ मध्ये अमेरिका व सोव्हिएत संघ या दोन्ही देशांचा दौरा केला. नेहरूंच्या निधनाची वार्ता आली तेव्हा ते अमेरिकेतच होते.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने शिंजियांगमधील लोप नॉर येथे अणुचाचणी केली. अणुयुद्धाची भीती त्या वर्षी पाश्चात्त्य चित्रपटांचाही विषय झाली होती. स्टॅनली कुब्रिक यांचा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ जानेवारीत आणि सिडनी लुमेट यांचा ‘फेल सेफ’ ऑक्टोबरात प्रदर्शित झाला. हिंदीत ‘अमन’ हा हिरोशिमाच्या पार्श्वभूमीवरचा चित्रपट १९६७ मध्ये आला आणि तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल त्यात स्वतः दिसले. भारताच्या संरक्षण मंत्रालयाला मात्र चीनच्या चाचणीनंतर काही दिवसांतच या धोक्याचा प्रत्यक्ष हिशेब मांडावा लागला.

या हिशेबाला तोंड फोडले होमी भाभा यांनी. २४ ऑक्टोबर १९६४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी १० किलोटनांच्या स्फोटाला सुमारे साडेसतरा लाख रुपये खर्च येईल आणि पन्नास बॉम्बचा साठा दहा कोटींहून कमी रकमेत होईल, असे आकडे दिले. ते अमेरिकेतील अंदाजांवर बेतलेले होते. अणुभट्ट्या, प्लुटोनियम वेगळे करणारे कारखाने आणि बॉम्ब लक्ष्यापर्यंत नेणारी साधने यांचा खर्च त्यांत धरलेला नव्हता. हा शेवटचा मुद्दा संरक्षण खात्याच्या दृष्टीने कळीचा होता, कारण हवाई दलाकडील कॅनबेरा विमाने चीनच्या पूर्वेकडील मोठ्या शहरांपर्यंत पोहोचू शकत नव्हती. नोव्हेंबरात संसदेत आणि काँग्रेस पक्षातही बॉम्ब बनवण्याची मागणी जोराने पुढे आली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी ती मान्य केली नाही. शांततामय उपयोगासाठीच्या स्फोटाचा अभ्यास करण्यास मात्र संमती दिली. संरक्षणमंत्री या नात्याने यशवंतराव सरकारच्या याच धोरणामागे उभे राहिले आणि पारंपरिक सैन्यबळ वाढवण्याची योजना त्यांनी पुढे चालू ठेवली.

या धोरणाची कसोटी लागायला वर्षही लागले नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध चालू असतानाच चीनने सिक्कीमच्या सीमेवरून निर्वाणीचा इशारा दिला. तोवर चीनची दुसरी अणुचाचणीही झाली होती. संसदेत पुन्हा बॉम्बची मागणी झाली; धोरण बदलले नाही. चीनने इशाऱ्यापलीकडे मोठे पाऊल उचलले नाही आणि त्याच महिन्यात युद्धविराम झाला. १९६६ च्या जानेवारीत शास्त्री ताश्कंद येथे निधन पावले. यशवंतराव तेथे शिष्टमंडळात होते. पुढे दोन आठवड्यांत भाभा विमान अपघातात गेले. बॉम्बविषयीचा वाद ज्या दोघांभोवती फिरत होता ते दोघेही असे एकाच महिन्यात नाहीसे झाले.

पोखरणनंतर

१८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने पहिला अणुस्फोट केला. त्याचा निर्णय इंदिरा गांधी आणि त्यांच्या अगदी निवडक सहकाऱ्यांच्या वर्तुळात झाला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात यशवंतरावांकडे परराष्ट्र खाते आले. कॅनडाने अणुसहकार्य थांबवले होते आणि अणुसामग्री पुरवणारे देश निर्बंधांसाठी एकत्र येऊ लागले होते. तारापूरच्या भट्ट्यांचे इंधन अमेरिकेतून येत असल्याने तो धागा तुटू देणे परवडणारे नव्हते. ऑक्टोबरअखेर हेन्री किसिंजर दिल्लीला आले आणि यशवंतरावांनी त्यांच्यासह भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या स्थापनेच्या करारावर सही केली.

एप्रिल १९७६ मध्ये चीनमध्ये पुन्हा राजदूत पाठवण्याचा निर्णय त्यांनी लोकसभेत जाहीर केला आणि के. आर. नारायणन यांची नेमणूक झाली. दोन्ही देशांत राजदूत नसल्याला तेव्हा सुमारे पंधरा वर्षे झाली होती.

आत्मचरित्र आणि रोजनिशी

यशवंतरावांचे ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र १९४६ पर्यंत येऊन थांबते. दिल्लीतील वर्षांसाठी योजलेला ‘यमुनाकाठ’ हा भाग लिहून झाला नाही. १९६५ च्या युद्धकाळातील त्यांची रोजनिशी त्यांचे सचिव राहिलेले राम प्रधान यांनी संपादित करून २००७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. कराड येथे कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.