युजेन फ्रेसिने

युजेन फ्रेसिने (१३ जुलै १८७९ – ८ जून १९६२) हे फ्रेंच स्थापत्य अभियंता व पूलबांधणीतज्ज्ञ होते. पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे जनक म्हणून ते ओळखले जातात. त्यांचा जन्म फ्रान्सच्या कोरेझ विभागातील ओब्जा या गावी झाला. पॅरिसमधील एकोल पॉलिटेक्निक व पूल आणि रस्ते यांच्या शासकीय विद्यालयात शिक्षण घेतल्यावर १९०५ मध्ये मूलँ येथे शासकीय अभियंता म्हणून ते रुजू झाले.

ल व्हर्द्रचा पूल

आलिये नदीवर तीन रस्तापूल हवे होते. एका पुलासाठी काढलेल्या अंदाजित खर्चातच तिन्ही पूल बांधण्याची योजना फ्रेसिने यांनी मांडली आणि मेर्सिये या ठेकेदाराने ती उचलून धरली. कमानी अतिशय सपाट ठेवल्या, तरच ते शक्य होते. म्हणून प्रथम मूलँ येथे ५० मीटर गाळ्याची चाचणी-कमान उभारण्यात आली. तिचे दोन्ही पाये ताणलेल्या पोलादी तारांनी एकमेकांना बांधले होते. पुढील शोधाचे बीज येथेच दिसते.

ल व्हर्द्र येथील पुलाला तीन कमानी होत्या व मधल्या कमानीचा गाळा सुमारे ७२ मीटर होता. कमानी आधारसांगाड्यावरून सोडवताना माथ्याशी जॅक लावून दोन्ही अर्धे भाग एकमेकांपासून दूर रेटले गेले. त्यामुळे कमान आपोआप वर उचलली गेली व सांगाडा मोकळा झाला. पूल वापरात आला. परंतु १९११ मध्ये कमानींचे माथे हळूहळू खचू लागले आणि खचणे थांबेना. भार पडताच काँक्रीट जेवढे आकुंचन पावायचे तेवढे पावते व पुढे स्थिर राहते, असा तत्कालीन समज होता. तो खरा असता, तर हे घडायलाच नको होते. पूल कोसळण्याची भीती होती. फ्रेसिने यांनी कोणाची परवानगी मागितली नाही. ते रात्री सायकलने पुलावर पोहोचले, मोजक्या विश्वासू कामगारांना उठवले, जॅक पुन्हा चढवून कमानी वर उचलल्या आणि माथ्याच्या बिजागऱ्यांच्या जागी काँक्रीट भरून टाकले. पूल वाचला. सततच्या भाराखाली काँक्रीट दीर्घकाळ आकसत राहते (क्रीप), हे त्यांनी यावरून ओळखले.

नंतरचे कार्य

पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी सँ-पियेर-द्यु-व्होव्रे येथे सीन नदीवर १३१ मीटर गाळ्याची कमान बांधली (१९२३). ब्रेस्टजवळ एलोर्न नदीच्या मुखावरील प्लुगास्तेल पुलाच्या (१९३०) तिन्ही प्रचंड कमानींसाठी एकच लाकडी सांगाडा पाण्यावर तरंगवत फिरवून वापरला गेला. ही युक्ती पुलाइतकीच प्रसिद्ध आहे.

१९२८ मध्ये त्यांनी पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे पेटंट घेतले. क्रीपमुळे साध्या पोलादातील ताण जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून अतिशय बळकट पोलाद खूप ताणूनच वापरावे लागते, हे त्यामागील तत्त्व होते. मात्र माँतार्जी येथील विजेच्या खांबांचा कारखाना चालला नाही व त्यात त्यांची पुंजी बुडाली. १९३४ मध्ये ल आव्र बंदरातील खचत चाललेली इमारत त्यांनी या तंत्राने सावरली, तेव्हा कोठे त्याला मान्यता मिळाली. मार्न नदीवरील ल्युझांसीचा पूल १९४६ मध्ये पूर्ण झाला. त्यापाठोपाठ त्याच नदीवर त्यांनी तसेच आणखी पाच पूल बांधले.

ल व्हर्द्रचा पूल दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाला. त्याच घडणीचा, व्हिशीजवळील बुतिरोंचा पूल मात्र अद्याप उभा आहे.