कोल्हापूरचे मेस्त्री

सुट्टीत मुर्रीला घरी गेलो तेव्हा मोठ्या बाबांच्या कपाटात जुना रशियन झेनिट कॅमेरा सापडला. त्यावर हेलिओस-44-2 लेन्स, 58 एमएमची. फोकसची रिंग मात्र जाम! आतलं ग्रीस वाळून गोंदासारखं झालं होतं. म्हटलं, आपण मेकॅनिकलचे विद्यार्थी, यात काय विशेष! लेन्स खोलली, जुनं ग्रीस पुसलं, नवं लावलं, परत बसवली. रिंग मस्त फिरू लागली. पण कॅमेरा डोळ्याला लावला तर जवळचं सगळं स्पष्ट आणि धानाच्या बांधीपलीकडची झाडं धुरकट!

शेवटी गोंदियातल्या एका घड्याळवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी सांगितलं की या आट्यांना सुरुवाती अनेक असतात. ज्या जागी सुटल्या त्याच जागी परत धरल्या पाहिजेत, म्हणून खोलण्याआधी सुईने खूण करायची. मी खूण केलीच नव्हती. मग त्यांनी एकेक सुरुवात धरून पाहिली आणि लेन्स जमवून दिली. मल्टी-स्टार्ट थ्रेड मी ड्रॉइंगच्या पेपरात काढला होता, मार्कही मिळाले होते. पण हातात आला तेव्हा ओळखलाच नाही! आणि अशा माणसांना आपण ‘मिस्त्री’ म्हणतो, तेही जरा नाक मुरडूनच. म्हणूनच आज एका मेस्त्रींबद्दल लिहितोय.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 चा, कोल्हापूरचा. घरात कारागिरी होती. चित्रकला ते स्वतःच शिकले. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले आणि दोघांच्या नावाला ‘पेंटर’ कायमचं चिकटलं.

1913 साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या भावांना सिनेमाचं वेड लागलं. मुंबईहून एक जुना प्रोजेक्टर आणला, खेळ दाखवले आणि ते यंत्र समजून घेतलं. मग ठरवलं, कॅमेरा स्वतःच बनवायचा! विचार करा, मूव्ही कॅमेऱ्यात फिल्म सलग सरकून चालत नाही. सेकंदाला सोळाच्या आसपास वेळा ती क्षणभर थांबली पाहिजे, तेवढ्यात शटर उघडून मिटलं पाहिजे आणि मग फिल्म नेमकी एक चौकट पुढे गेली पाहिजे. थोडं जरी चुकलं तरी चित्र थरथरतं. डिग्री नसलेल्या पडदे रंगवणाऱ्यांनी हे काम अंगावर घेतलं होतं.

1916 साली आनंदराव गेले. कॅमेरा अर्धवटच राहिला. दुसरा कोणी असता तर ते पार्ट्स पेटीत गेले असते. पण बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेतलं आणि 1918 साली कॅमेरा चालू करून दाखवला. गायिका तानीबाई कागलकरांनी पैशाची मदत केली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 1920 साली ‘सैरंध्री’ आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सरकारने कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये तर त्यांनी देवादिकांना बाजूला ठेवून जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर आणला. तो शेतकरी झाले होते व्ही. शांताराम.

पुढे 1929 साली दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. सिनेमा बोलू लागला आणि शिष्य गुरूच्या पुढे निघून गेले. बाबूरावांची कंपनी बंद पडली. नंतर त्यांनी मोजके बोलपट केले, पण पहिले दिवस परत आले नाहीत. 16 जानेवारी 1954 ला ते वारले. मला हा भाग वाचून वाईट वाटलं. पण ‘प्रभात’वाले तयार कुठे झाले? बाबूरावांच्याच हाताखाली ना!

आता माझी लेन्स दूरची झाडंही स्वच्छ दाखवते. पुढच्या वेळी खोलण्याआधी खूण करीन. आणि ‘मिस्त्री’ हा शब्द मात्र जपून वापरीन. तो मान मिळवायला मला अजून बराच वेळ आहे.