अल्झायमर हे आधी एका डॉक्टरचं आडनाव होतं

गेलं दीड वर्ष मी वयस्कर लोकांसाठीच्या एका हेल्थ ॲपवर काम करतोय. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करायला मदत करणं, हा त्या ॲपचा उद्देश आहे. सुरुवातीला 'अल्झायमर' हा शब्द माझ्यासाठी डेटाबेसमधला एक कॉलम होता, बस्स. नंतर या नावाच्या डॉक्टरबद्दल वाचायला लागलो, आणि ते वाचता वाचता आमच्या ॲपमधलं सगळ्यात आवडतं फीचर आम्हीच काढून टाकलं. कसं ते शेवटी सांगतो. आधी त्या माणसाची गोष्ट.

बव्हेरिया ते फ्रँकफर्ट

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीत, बव्हेरियातल्या मार्कब्राइट या छोट्या गावात झाला. बर्लिन, ट्युबिंगेन आणि व्युर्झबुर्ग इथे त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतलं. १८८७ साली पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथे त्यांना फ्रान्झ निस्ल हा सहकारी भेटला. मेंदूच्या पेशी मायक्रोस्कोपखाली नीट दिसाव्यात म्हणून त्यांना रंग देण्याच्या तंत्रात निस्ल तरबेज होता. दिवसा रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात मायक्रोस्कोप, असं दोघांचं चालायचं.

१८९४ साली अल्झायमर यांनी सेसिली या श्रीमंत विधवेशी लग्न केलं. त्यांना तीन मुलं झाली. पण १९०१ च्या सुरुवातीला सेसिली वारली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासमोर एक ५१ वर्षांची बाई येऊन बसली.

अगदी साधे प्रश्न

तिचं नाव ऑगुस्ट डेटर. नवरा रेल्वेत कारकून. काही महिन्यांपासून तिचं वागणं बदललं होतं. नवऱ्यावर विनाकारण संशय घ्यायची, घरातल्या वस्तू भलतीकडेच ठेवायची, स्वयंपाकात गोंधळ करायची. म्हातारपणी विसरायला होतं हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. पण ५१ हे काही म्हातारपण नव्हे.

अल्झायमर यांनी सलग काही दिवस तिच्यासमोर बसून प्रश्न विचारले. नाव काय, नवऱ्याचं नाव काय, आत्ता आपण कुठे आहोत. पेन्सिल, किल्ली अशा वस्तू दाखवून नावं विचारली, तेव्हा तिने ती बरोबर सांगितली. थोड्या वेळाने काय काय दाखवलं होतं असं विचारलं, तर तिला आठवेना. ताटात फ्लॉवर होता आणि ती म्हणाली पालक. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर पहिला शब्द लिहून ती थांबली, पुढचं विसरून गेली. आपलं काहीतरी हरवतंय याची तिला जाणीव होती, हे त्या नोंदी वाचताना फार लागतं.

डॉक्टरांनी उत्तरं सुधारली नाहीत की त्यांना मार्कही दिले नाहीत. ती जे बोलली ते तारखेसकट लिहून ठेवलं. आज आपण ज्याला रॉ डेटा म्हणतो, तो हाच.

मायक्रोस्कोपखाली

पुढे अल्झायमर आधी हायडेलबर्गला आणि १९०३ साली म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले. तिथे सुरुवातीला ते बिनपगारी काम करायचे. फ्रँकफर्ट सोडलं तरी त्यांनी ऑगुस्टची चौकशी सोडली नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. मग तिच्या नोंदी आणि तिचा मेंदू त्यांनी म्युनिकला मागवून घेतला.

मेंदू आकसलेला होता. चांदीच्या क्षाराने पेशी रंगवायचं तंत्र तेव्हा नवंच होतं. ते वापरल्यावर त्यांना दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या आत गुंतलेले धागे आणि पेशींच्या बाहेर साठलेले गोळे. आज आपण त्यांना टँगल्स आणि प्लाक्स म्हणतो. मोठ्या रक्तवाहिन्याही कडक झालेल्या होत्या, आणि त्यांनी तेही नोंदवलं. रक्तवाहिन्या खराब झाल्या की मेंदूवर काय परिणाम होतो, हा त्यांचा जुनाच अभ्यासाचा विषय होता.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनला मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे सगळं मांडलं. कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

नाव मिळालं, पण त्यांना खात्री नव्हती

१९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. गंमत म्हणजे खुद्द अल्झायमर साशंक होते. १९११ साली त्यांनी दुसऱ्या एका रुग्णाबद्दल लिहिलं. त्याच्या मेंदूत गोळे होते, पण गुंतलेले धागे सापडले नव्हते. हा खरंच वेगळा आजार आहे की वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार, हा प्रश्न त्यांनी उघडपणे मांडला. आजार त्यांच्याच नावाने ओळखला जात असतानाही पुराव्यापेक्षा मोठा दावा त्यांनी केला नाही.

१९१२ साली ते ब्रेस्लाउला प्राध्यापक म्हणून निघाले आणि प्रवासातच आजारी पडले. तब्येत पुन्हा पूर्ण सावरली नाही. १९ डिसेंबर १९१५ रोजी ते गेले. वय ५१, म्हणजे ऑगुस्ट पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसली तेव्हा तिचं होतं तेवढंच.

तिची फाइल पुढे हरवली. ती १९९५ साली फ्रँकफर्टला सापडली. इतक्या वर्षांनंतरही त्या नोंदी डॉक्टरांना उपयोगी पडल्या, कारण त्या जशाच्या तशा लिहिलेल्या होत्या.

आता आमच्या ॲपचं

आमच्या ॲपमध्ये एक मेमरी गेम होता आणि त्याचा 'ब्रेन स्कोअर'. मी तो माझ्या आजीला खेळायला दिला. स्कोअर दर आठवड्याला वाढत गेला. मी खूश! पण गॅसवर दूध ठेवून विसरणं तसंच चालू होतं. म्हणजे आजीची स्मरणशक्ती सुधारली नव्हती, तिला फक्त गेमची सवय झाली होती. आमचा स्कोअर तिला खोटा दिलासा देत होता, आणि त्या दिलाशावर घरच्यांनी डॉक्टरकडे जायचं लांबवलं असतं.

ही चूक नवी नाही. ल्युमोसिटी या ब्रेन ट्रेनिंग ॲपच्या कंपनीला २०१६ साली अमेरिकेत अशाच जाहिरातींबद्दल २० लाख डॉलर भरावे लागले. गेम खेळून वयोमानाने होणारी विस्मृती लांबते असं जाहिरातीत सांगितलं होतं, पण त्यामागे पुरेसा पुरावा नव्हता.

मग ॲप काय करू शकतं? लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात असे १४ धोके दिलेत, जे आपण कमी करू शकतो: वाढलेलं ब्लड प्रेशर, डायबिटीस, कमी ऐकू येणं, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकटेपणा वगैरे. हे सगळे टाळता आले, तर डिमेन्शियाच्या सुमारे ४५ टक्के केसेस टळू शकतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे. हा अंदाज सगळ्या लोकसंख्येचा आहे, एका माणसाला दिलेली गॅरंटी नव्हे. फिनलंडमधल्या फिंगर या प्रयोगात १,२६० वृद्ध सहभागी होते. त्यातल्या निम्म्या लोकांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचे व्यायाम आणि ब्लड प्रेशर-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं. बाकीच्यांच्या तुलनेत त्यांची विचारशक्ती थोडी चांगली राहिली.

म्हणून आम्ही ब्रेन स्कोअर काढला. आता ॲप बीपीची गोळी आणि चालण्याची आठवण करतं, कान तपासून घ्यायला सुचवतं. आठवड्यातून एकदा साधे प्रश्न विचारतं आणि उत्तर जसंच्या तसं तारखेसकट साठवतं, डॉक्टरांना दाखवण्यासाठी. 'आज तारीख काय' यावर आजीने सांगितलं, आज अष्टमी. कॅलेंडर पाहिलं, तर खरंच अष्टमी होती. जुन्या कोडने हे उत्तर चूक धरलं असतं.

तुमच्या घरी आजी-आजोबांच्या फोनमध्ये असं ॲप टाकणार असाल, तर आधी एवढंच बघा: ते फक्त मार्क देतंय, की खरंच काही लिहून ठेवतंय? आणि विसरणं वाढतंय असं वाटलं, तर ॲपवर थांबू नका, थेट डॉक्टर गाठा.