सायलेन्सरमध्ये भट्टी बसवणारा हूड्री

युजीन हूड्रीला वेगाचे वेड होते. पॅरिसजवळच्या दोमों या गावी १८ एप्रिल १८९२ रोजी जन्मलेला हा मुलगा पोलादाच्या धंद्यातल्या घरचा. पॅरिसमध्ये तो मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकला आणि १९११ मध्ये वर्गात पहिला आला. शाळेच्या फुटबॉल संघाचा तो कर्णधारही होता. पहिल्या महायुद्धात तो रणगाड्यांच्या तुकडीत गेला. १९१७ मध्ये गोळीबार चालू असतानाच त्याने बंद पडलेल्या रणगाड्यांची दुरुस्ती करवून घेतली. त्यात तो गंभीर जखमी झाला आणि त्याला शौर्यपदक मिळाले.

युद्धानंतर घरचा पोलादाचा धंदा होताच, पण त्याचे मन रमले मोटारींच्या शर्यतींत. १९२२ मध्ये तो अमेरिकेत जाऊन इंडियानापोलिसची शर्यत आणि फोर्डचा कारखाना पाहून आला. जोरकस इंजिन बनवले तरी त्यात घालायला तितके चांगले पेट्रोल नाही, हे त्याच्या लक्षात आले. त्या काळचे पेट्रोल इंजिनात जास्त दाब पडला की अवेळी पेट घेई आणि इंजिन ठोके देऊ लागे. त्यावर अमेरिकेत एक स्वस्त उपाय सापडला होता : पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळायचे. हेच शिसे पुढे हूड्रीच्या वाटेत आडवे येणार होते.

हूड्रीने दुसरा रस्ता धरला. आधी त्याने हलक्या प्रतीच्या कोळशापासून, म्हणजे लिग्नाइटपासून पेट्रोल काढून पाहिले. सरकारी मदतीने कारखानाही उभा राहिला, पण हिशेब जुळेना आणि तो बंद पडला. मग तो खनिज तेलाच्या जड गाळाकडे वळला. विशिष्ट प्रकारच्या चिकणमातीवरून तापलेल्या तेलाची वाफ नेली की मोठे रेणू फुटून चांगले पेट्रोल तयार होते, हे त्याने दाखवले. ही माती उत्प्रेरकाचे काम करते. म्हणजे प्रक्रिया घडवते, पण स्वतः संपत नाही. अडचण एकच होती. थोड्याच वेळात मातीवर कोळशाचा थर चढे आणि ती निकामी होई. हूड्रीची खरी हुशारी इथे दिसते. त्याने माती फेकून न देता तिच्यावर हवा सोडून तो थर जाळून टाकला आणि तीच माती पुन्हा वापरली.

फ्रान्समध्ये पैसा मिळेना, तेव्हा १९३० मध्ये तो अमेरिकेला गेला. १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्कस हुक इथे सन ऑइल कंपनीचा मोठा प्रकल्प सुरू झाला. जुन्या पद्धतीने तेलातून जेमतेम पाव हिस्सा पेट्रोल मिळे. इथे जवळपास निम्मे मिळू लागले आणि तेही वरच्या दर्जाचे. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या विमानांना याच तंत्राचे इंधन मोठ्या प्रमाणावर मिळाले. हूड्रीने नाझींना शरण गेलेल्या व्हिशी सरकारला उघड विरोध केला, म्हणून १९४१ मध्ये त्या सरकारने त्याचे नागरिकत्व काढून घेतले. १९४२ मध्ये तो अमेरिकी नागरिक झाला.

इथवरची कमाई एका आयुष्याला पुरेशी होती. पण १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसवर पिवळट धुके साचू लागले होते. लोकांचे डोळे चुरचुरत, घसे धरत. मोटारींच्या धुरातले वायू उन्हात एकमेकांवर प्रक्रिया करून हे धुके बनवतात, हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. वाढत्या फुप्फुसाच्या कर्करोगामागेही हा धूर असेल का, ही शंका हूड्रीला सतावू लागली. ज्याने मोटारींना भरपूर पेट्रोल दिले, त्यालाच त्यांच्या धुराची काळजी वाटावी, हे विशेष.

कल्पना जुनीच होती, जागा मात्र नवी. मातीवरचा कोळसा जाळता येतो, तर धुरातले न जळलेले इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड का जाळता येऊ नये? कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. हूड्रीने ऑक्सी-कॅटॅलिस्ट ही कंपनी काढली. चिनी मातीच्या आधारावर ॲल्युमिनाचा पातळ थर आणि त्यावर किंचित प्लॅटिनम, अशी ती रचना होती. तिचे पेटंट त्याला १९५६ मध्ये मिळाले. बंद गोदामांत फिरणाऱ्या फोर्कलिफ्टवर हे डबे बसलेही.

मोटारींवर मात्र नाही. पेट्रोलमधले शिसे प्लॅटिनमवर चढे आणि थोड्याच दिवसांत डबा निरुपयोगी होई. हा थर हवेने जाळून काढता येण्यासारखा नव्हता. शिसे काढल्याशिवाय उपाय नव्हता आणि शिसे काढायला तेव्हा कोणी तयार नव्हते. १८ जुलै १९६२ रोजी हूड्री गेला, तेव्हा रस्त्यावरच्या गाड्या तशाच धूर ओकत होत्या.

१९७० मध्ये अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला आणि १९७५ च्या मॉडेलपासून तिथल्या बहुतेक मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले. लोकांच्या रक्तातले शिसे उतरले, हा त्यातून झालेला वेगळाच फायदा. नायट्रोजनच्या ऑक्साइडनाही आवरणारा डबा नंतर आला.

हा डबा सुमारे २५० ते ३०० अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणून हल्ली तो इंजिनाला अगदी खेटून, एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाच जोडून येतो. जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवणारे हौशी लोक मॅनिफोल्ड काढून लांब नळ्यांचे हेडर लावतात. धूर मोकळा होतो, वरच्या फेऱ्यांना ताकद थोडी वाढते. पण वाटेत उष्णता जाते आणि डबा उशिरा तापतो. अनेकदा तर तो काढूनच टाकतात. चार-सहा हॉर्सपॉवरसाठी हा सौदा महागच म्हणायचा. जोडावरचे गॅस्केट नीट बसले नसेल, तर तोच कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या आतही शिरू शकतो.

मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई इथे नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला. देशभरातल्या पंपांवरून शिशाचे पेट्रोल हद्दपार व्हायला २००० साल उजाडले.