वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन (१५ मार्च १८६०, ओडेसा – २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. पटकी आणि प्लेग या दोन प्राणघातक साथींवर त्यांनी प्रतिबंधक लसी तयार केल्या व दोन्ही प्रथम स्वतःला टोचून घेतल्या. त्यांच्या कार्याचा मोठा भाग भारतात, विशेषतः मुंबईत घडला. परळ येथील हाफकिन संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. लस घेतलेल्या व न घेतलेल्या माणसांची एकाच वस्तीत, एकाच परिस्थितीत तुलना करून लसीचा उपयोग आकड्यांनी पडताळण्यावर त्यांचा कटाक्ष होता.

प्रारंभिक जीवन

हाफकिन यांचे शिक्षण ओडेसा येथील विद्यापीठात झाले. तेथे प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू होते. विद्यार्थिदशेत हाफकिन झारशाहीविरोधी क्रांतिकारी चळवळीच्या संपर्कात आले. ज्यू वस्त्यांवर हल्ले होऊ लागले तेव्हा ते संरक्षक दलात सामील झाले. एका हल्ल्यात ते जखमी झाले व त्यांना अटक झाली. मेचनिकोव्ह यांच्या मध्यस्थीमुळे त्यांची सुटका झाली. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याशिवाय विद्यापीठात अध्यापकपद मिळणार नव्हते आणि धर्मांतरास त्यांनी नकार दिला. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात काम केल्यावर १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हा येथे अल्पकाळ राहून १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे त्या वेळी केवळ साहाय्यक ग्रंथपालाची जागा रिकामी होती. ती त्यांनी पत्करली व उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत संशोधन केले.

पटकीची लस

रॉबर्ट कॉख यांनी इजिप्त व कलकत्ता येथे संशोधन करून पटकीच्या जंतूची ओळख पटवली होती. स्पेनमध्ये हाइमे फेर्रान यांनी १८८५ मध्ये हजारो लोकांना पटकीची लस टोचली होती; परंतु तुलनात्मक नोंदी समाधानकारक नसल्याने तिच्या परिणामाविषयी शास्त्रज्ञांची खात्री पटली नव्हती. हाफकिन यांनी दोन टप्प्यांची पद्धत स्वीकारली. पहिल्या मात्रेत उष्ण हवेच्या साहाय्याने दुबळे केलेले जंतू असत, तर काही दिवसांनी द्यावयाच्या दुसऱ्या मात्रेत गिनीपिगच्या शरीरातून वारंवार संक्रमित करून तीव्र केलेले जंतू असत. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आणि वेदना यांपलीकडे त्यांना अपाय झाला नाही.

लसीची खरी परीक्षा साथीच्या प्रदेशातच होऊ शकत होती. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या सूचनेनुसार हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यास आले. आग्रा येथून सुरुवात करून त्यांनी उत्तर भारतात हजारो लोकांना लस टोचली. मात्र लष्करातील व विखुरलेल्या लोकांमध्ये तुलना करणे कठीण जात होते. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काठाल बागान या वस्तीत ती संधी मिळाली. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत पटकीचे दहा रुग्ण आढळले व त्यांतील सात दगावले. हे दहाही जण लस न घेतलेले होते. सर्वांचे पाणी, घरे व राहणीमान सारखेच असल्याने हा फरक लसीमुळेच पडला, असे म्हणता येत होते. १८९५ मध्ये मलेरियाने प्रकृती ढासळल्यामुळे हाफकिन युरोपला परतले. परंतु पुढील वर्षी पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्सांद्र येर्सँ यांनी शोधला होता. पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे अद्याप सिद्ध झाले नव्हते. साथ माणसांच्या संपर्काने व घाणीने पसरते असे मानून घरांची झडती, सामानाची जाळपोळ, रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेणे असे उपाय सुरू झाले. त्यांनी लोकांत भीती पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. हजारो लोक शहर सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर रोगही इतरत्र पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात या उपायांच्या अंमलबजावणीतील जुलमामुळे प्लेग अधिकारी रँड यांची चापेकर बंधूंनी हत्या केली.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली व तिच्या बाहेरील पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढीच साधने त्यांच्या हाती होती. प्लेगचे जंतू त्यांनी मांसरसात वाढवले. गोमांस व डुकराचे मांस निषिद्ध मानणाऱ्या लोकांचा विचार करून बकऱ्याचे मांस वापरण्यात आले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की त्यांच्या आधाराने जंतूंची वाढ झुंबरासारखी खाली लोंबत असे. काही आठवड्यांनी उष्णता देऊन हे जंतू मारले जात आणि त्यात कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. त्यांनी घेतलेली मात्रा पुढे रूढ झालेल्या मात्रेपेक्षा बरीच मोठी होती. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळा तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण इतर कैद्यांपेक्षा पुष्कळच कमी राहिले.

लस स्वेच्छेनेच घेतली जावी, अशी हाफकिन यांची भूमिका होती. लोकांचा विश्वास मिळवण्यात समाजातील प्रतिष्ठितांचे साहाय्य मोलाचे ठरले. तिसरे आगाखान यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली, आपल्या खोजा अनुयायांना तसे करण्यास सांगितले आणि प्रयोगशाळेसाठी आपली इमारतही दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलवण्यात आली.

उंढेरा येथील प्रयोग

बडोद्याजवळील उंढेरा गावात फेब्रुवारी १८९८ मध्ये प्लेग सुरू असताना हाफकिन यांनी घरोघरी सुमारे निम्म्या माणसांना लस दिली. एकाच छपराखाली राहणारे आणि एकच अन्न खाणारे लोक अशा रीतीने दोन गटांत विभागले गेले. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ मरण पावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ मरण पावले. लस पूर्ण संरक्षण देत नाही, हेही या आकड्यांतून स्पष्ट झाले.

प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. पुढे ग्लेन लिस्टन व प्लेग संशोधन आयोग यांनी मुंबईत केलेल्या प्रयोगांनी त्यास पुष्टी दिली. लस माणसाचे रक्षण करी; परंतु उंदीर व पिसवा यांची साखळी तिने तुटत नसे, आणि संरक्षणही मर्यादित काळच टिके. त्यामुळे लसीबरोबरच उंदरांचा बंदोबस्त, घरांची रचना व धान्यसाठ्यांची व्यवस्था यांकडे लक्ष देणे आवश्यक ठरले.

मुल्कोवाल प्रकरण

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. त्या सुमारास परळ येथे कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवणारी नवी पद्धत वापरली जात होती. चौकशी आयोगाने बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले व १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

चौकशीची कागदपत्रे प्रसिद्ध झाल्यावर अनेक शास्त्रज्ञांनी या निष्कर्षास हरकत घेतली. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत अनेक दिवस वाढले असते, तर उघडताच तीव्र दुर्गंध आला असता; तसा वास आल्याची नोंद नव्हती. रोनाल्ड रॉस यांनी या प्रश्नाचा जाहीरपणे पाठपुरावा केला. जुलै १९०७ मध्ये दहा जंतुशास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. फ्रान्समधील ड्रेफस खटल्याशी या प्रकरणाची अनेकदा तुलना केली जाते. या काळात लसीकरणावरील लोकांच्या विश्वासालाही मोठा धक्का बसला होता.

अखेरची वर्षे

हाफकिन भारतात परतले. परंतु मुंबईतील त्यांचे पद भरले गेले होते. कलकत्त्याच्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळेचे संचालकपद त्यांना मिळाले, तरी माणसांवर नव्या लसींची चाचणी घेण्याची मुभा मिळाली नाही. वयाच्या ५५ व्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त झाले व फ्रान्समध्ये राहू लागले. उत्तरायुष्यात ते धर्मनिष्ठ ज्यू बनले. १९२९ मध्ये त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धार्मिक शिक्षणसंस्थांच्या साहाय्यासाठी निधी स्थापन केला. ते अविवाहित होते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

सन्मान

१८९७ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सी.आय.ई. हा किताब दिला. परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले आणि १९२५ मध्ये, हाफकिन हयात असतानाच, ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.