होमी भाभा : अणुभट्टी आणि हेतू

बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात मध्यंतरी इराणवरून रंगलेला वाद कानी पडला. युरेनियम-२३५चे प्रमाण निसर्गात ०.७ टक्के, विजेसाठी ते ३ ते ५ टक्क्यांवर नेले तरी पुरते, मग ६० टक्के कशाला, असा एकाचा सवाल. बॉम्बला ९० टक्क्यांच्या आसपास लागते, त्याआधी आरोप कसा, असा दुसऱ्याचा. मला आठवले ते डॉ. होमी जहांगीर भाभा. त्यांच्या ट्रॉम्बेत हाच वाद टक्केवारीवाचून उभा राहिला होता.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईच्या सधन पारशी घराण्यात जन्मलेले भाभा केंब्रिजला अभियांत्रिकीसाठी गेले आणि भौतिकशास्त्रात रमले. १९३९मध्ये सुटीवर मायदेशी आले असता महायुद्ध पेटले. ते इथलेच झाले. १९४५मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद.

१९६०मध्ये कॅनडाच्या साहाय्याने सायरस अणुभट्टी सुरू झाली. जडपाणी अमेरिकेचे, वापर शांततेसाठीच, असे भारताचे आश्वासन. इंधन नैसर्गिक युरेनियमचे, म्हणजे समृद्धीकरणाचा प्रश्नच नाही. परंतु त्या इंधनाच्या वापरलेल्या कांड्यांत प्लुटोनियम तयार होते आणि ते वेगळे काढणारा प्रकल्प १९६४मध्ये ट्रॉम्बेतच उभा राहिला. भाभांच्या योजनेत प्लुटोनियम हे पुढच्या टप्प्यातील अणुभट्ट्यांचे इंधन होते. ती सबब नव्हती. थोरियमपर्यंत पोहोचण्याची वाट तीच होती. पण बॉम्बची वाटही तिथूनच फुटत होती. नुसती यंत्रे पाहून हेतू ओळखणे अशक्यच. आंतरराष्ट्रीय तपासणीच्या कडक अटींना भाभांनी सातत्याने विरोध केला, हेही विसरता येत नाही.

१६ ऑक्टोबर १९६४ला चीनने अणुचाचणी केली. आठ दिवसांनी भाभांनी आकाशवाणीवरून अण्वस्त्रे किती स्वस्त पडतात याचा हिशेब मांडला आणि त्याच भाषणात निःशस्त्रीकरणाचाही पुरस्कार केला. यातले खरे भाभा कोणते? माझ्या मते दोन्ही.

अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा आग्रह धरणारे गणिती, आपल्या गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी भाभांच्याच संस्थेत होते. १९६२मध्ये त्यांचा करार वाढवला गेला नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभा गेले, जूनमध्ये कोसंबीही. १८ मे १९७४ला पोखरणला झालेल्या स्फोटात सायरसचे प्लुटोनियम होते. सरकारने त्याला शांततामय म्हटले. कॅनडाने अणुसहकार्य थांबवले.